हे ठोके कुणाचे?

माझ्या नणंदेने मला पहिल्यांदा पाहिलं ते पायांपासून. लग्नाआधी नवरा मला घरी घेऊन गेला होता. केस नीट बांधून, इस्त्रीचे कपडे घालून आणि मनात दहा प्रश्नांची उत्तरं तयार ठेवून मी खुर्चीत बसले होते. ताई आतून आल्या, माझ्यासमोर सरळ जमिनीवर बसल्या, माझ्या घोट्याच्या वर अंगठ्याने दाबलं आणि अंगठा उचलून तिथे खड्डा पडतो का ते बघत राहिल्या. खड्डा पडला नाही.

"उभ्याचं काम आहे का तुझं?" त्यांनी विचारलं.

"नाही, बसून. शिवणकाम."

"मग ठीक," असं म्हणून त्या चहा ठेवायला गेल्या.

परत जाताना मी नवऱ्याला विचारलं, "तुझी बहीण मला बघायला बसली होती की घोडा विकत घ्यायला?" तो म्हणाला, "पास झालीस. सूज असली तर हृदयाची तपासणी करून ये म्हणाली असती." तो थट्टा करतोय असं मला वाटलं. तो थट्टा करत नव्हता.

ताई हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या वॉर्डात नर्स. चोवीस वर्षं तोच वॉर्ड, त्यातली शेवटची नऊ इन्चार्ज म्हणून. अठरा पलंग, दोन रांगा, धुऊन धुऊन फिकट झालेले हिरवे पडदे आणि दाराशी एक टेबल. त्या टेबलावरच्या रजिस्टरला ताईंशिवाय कुणी पुठ्ठा घालायचा नाही. खिडकीकडच्या रांगेत छातीचे पेशंट, भिंतीकडच्या रांगेत पायांचे. छातीच्या पेशंटची सगळ्यांना काळजी असते, त्याच्या उशाशी मॉनिटर टुकटुक करत असतो, नातेवाईकही मान वर करून त्या रेघेकडेच बघत बसतात. पायाच्या पेशंटच्या उशाशी काही नसतं. त्याची रक्तवाहिनी बंद पडली तर कुठलंच यंत्र बोंबलत नाही. तिथे कुणीतरी जाऊन हात लावून बघायला लागतं, आणि ताईंच्या मते नर्स नावाचं माणूस त्याचसाठी जन्माला घातलेलं असतं.

पायाचं ऑपरेशन झालं, किंवा जांघेतून नळी घालून हृदयाची तपासणी झाली, की पुढचे कितीतरी तास पावलावरचे ठोके बघावे लागतात. पावलाच्या पाठीवर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत, एक बारीकशी रक्तवाहिनी उडत असते. कुणाची सहज सापडते, कुणाची शोधता शोधता घाम फुटतो. ताईंना ती सापडली की त्या खिशातलं बॉलपेन काढून बरोबर त्या जागी फुली मारायच्या, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या नर्सला शोधाशोध नको. यावरून त्यांना सगळा वॉर्ड फुलीताई म्हणायचा. नव्या पेशंटना वाटायचं, फुलावरून नाव पडलंय, बाई मायाळू असणार. तासाभरात त्यांचा गैरसमज दूर व्हायचा.

पण फुलीपेक्षा त्यांचा प्रश्न जास्त प्रसिद्ध होता. बोटाच्या टोकालाही स्वतःचा ठोका असतो. आपण जिना चढून आलो असलो, घाईत असलो, घाबरलो असलो, की तो जोरात उडतो. मग गार पडलेल्या पावलावर बोट ठेवलं तरी वाटतं, लागले की ठोके. ते आपलेच आपल्याला लागलेले असतात. म्हणून ताईंची पद्धत अशी, की एका हाताची बोटं पेशंटच्या पावलावर आणि दुसऱ्या हाताची स्वतःच्या मानेवर. दोन्हीकडे एकाच तालात चाललंय म्हणजे पावलावरचे ठोके तुमचे, पेशंटचे नव्हेत. कुणी नर्स "लागले, सिस्टर" असं म्हणाली की ताई रजिस्टरमधून मान वर न करता विचारायच्या, "हे ठोके कुणाचे?" एकदा त्यांनी मोठ्या सर्जनलाही विचारलं होतं. सर्जनने हात उचलला, थोडा विचार केला आणि पुन्हा ठेवला. ती गोष्ट वॉर्डात महिनाभर चवीने सांगितली जात होती.

ताई आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायच्या, त्यामुळे वॉर्ड रोज संध्याकाळी जिन्यावरून घरी यायचा. दुसऱ्यांच्या घरी थोरली माणसं पाया पडून घेतात, आमच्याकडे थोरलं माणूसच सगळ्यांचे पाय धरायचं. मिठाची बरणी वरच्या फळीवर. माझ्या स्वयंपाकाला "आज मीठ बरोबर आहे" असं त्या आयुष्यात एकदाच म्हणाल्या, आणि त्या दिवशी मी मीठ घालायलाच विसरले होते. गरम-गार बघायचं ते हाताच्या पाठीने, तळव्याने नाही, हे मला त्यांनी इस्त्रीचं काम चालू असताना शिकवलं. मी न विचारता शिकवलं. शिवणकाम करून माझ्या बोटांची टोकं कडक झाली आहेत, सुई टोचली तरी पटकन कळत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या बोटांवर भरवसा नको. तू आपली हाताची पाठ वापर."

मला त्यांचा राग यायचा, हे सांगून टाकते. राग असा की तोंडावर भांडायची सोय नव्हती. ताई सोळा वर्षांच्या आणि माझा नवरा सात वर्षांचा असताना त्यांची आई गेली. दोन दिवस छातीत जळजळ होत होती, ती पित्त समजून सोडा पीत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता खाली बसली ती उठलीच नाही. ताईंनी भावाला वाढवलं, शाळेत घातलं आणि त्यातूनच नर्सिंग केलं. लग्न केलं नाही. का, हे मी एकदाच विचारलं. "सवड मिळाली नाही," असं त्यांनी सांगितलं, बाजारात जायचं राहिलं अशा आवाजात. ज्या बाईने नवऱ्याला लहानाचं मोठं केलं तिला कोणत्या तोंडाने सांगणार, की बाई, आता हा माझा आहे, याच्या पायांवरचा हात काढा?

नवरा कारखान्यात लेथवर काम करायचा. दिवसभर उभा, आणि दर दोन तासांनी मागच्या दारी सिगारेट. ताईंनी सिगारेटवरून त्याच्याशी बोलणं टाकलं, जेवण टाकलं, एकदा तर त्याच्या पाकिटातल्या सगळ्या सिगारेटी सुईने भोसकून ठेवल्या. सुई माझी होती. त्याने दुसरं पाकीट आणलं.

पन्नाशी जवळ आल्यावर त्याला अचानक दुकानांची आवड लागली. आम्ही दोघं संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडायचो. भांड्यांच्या दुकानापाशी तो थांबायचा, कुकर बघायचा. पुढे चपलांच्या दुकानापाशी थांबायचा. मग बल्बच्या. मी मनातून खूश होते, म्हटलं घरात लक्ष घालायला लागला उतारवयात. ही गंमत मी ताईंना सांगितली. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"किती पावलांनी थांबतो?"

"पावलं कोण मोजतं, ताई?"

"दर वेळी तेवढ्याच अंतराने थांबतो का?"

मी आठवून पाहिलं. तेवढ्याच अंतराने थांबत होता.

"तो दुकानं बघत नाहीये," ताई म्हणाल्या. "त्याची पोटरी धरतेय. थांबला की सुटते, चालला की धरते. रक्त पोचत नाहीये पायाला."

मग तपासण्या झाल्या. डाव्या मांडीतली मोठी रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बंद होती. डाव्या पायाच्या करंगळीशी एक जखम होती, ती दीड महिना भरत नव्हती. तीही त्याने मोजे घालून लपवली होती. सर्जनने सांगितलं, पायातलीच एक शीर काढून बंद जागेला वळसा घालून जोडू, म्हणजे रक्ताला नवा रस्ता मिळेल. नाही केलं तर वर्षभरात पाय जाईल. त्या दिवशी नवऱ्याने सिगारेट सोडली. तीस वर्षं बहीण सांगत होती, पण सर्जनच्या एका वाक्याने काम झालं. त्या संध्याकाळी जिना चढताना ताईंचा पाय नेहमीपेक्षा जोरात वाजला.

ऑपरेशन ताईंच्याच वॉर्डात. आणि इथे त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. घरचा पेशंट असला तर त्याचा पलंग आपण घ्यायचा नाही, दुसरीला द्यायचा, हा नियम ताईंनीच घातला होता आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला होता. त्यांच्या बरोबरीची एक नर्स होती, चष्मेवाल्या सिस्टर म्हणायचे तिला. ती म्हणाली, "ताई, हा पलंग मी घेते."

"नको. माझा हात त्याला माहीत आहे," ताई म्हणाल्या.

चष्मेवाल्या सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरंच वाटलं होतं. एवढी वर्षं ज्या हाताचा मला राग येत होता, त्या हातापेक्षा दुसरा कुठलाही हात त्याच्या पायाला लागू नये असं मला वाटत होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. पाय गुलाबी झाला, ऊब आली, पावलावर फुली पडली. रात्रपाळीच्या नर्सने दर तासाला ठोके बघून लिहिले. सकाळी ताई आल्या, त्यांनीही बघितले. दुपारी एकपर्यंत सगळं व्यवस्थित. दोन वाजता त्यांनी लिहिलं, लागतात. तीन वाजता लिहिलं, लागतात.

मी साडेतीनला गेले. नवऱ्यासाठी एक पायजमा शिवून नेला होता, डाव्या पायाची शिवण पूर्ण उसवून तिथे बंद लावले होते, म्हणजे टाके न दुखवता घालता येईल. तो बघून त्याने काहीतरी चावट बोलायला हवं होतं. तो नुसता "छान आहे" म्हणाला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी चादर सारखी करायच्या निमित्ताने हाताची पाठ त्याच्या उजव्या पावलाला लावली. ऊबदार. डाव्याला लावली. ते गार होतं.

"दुखतंय का तुला?"

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "पोटरी फाटतेय. दीड-दोन तास झाले. बोटांना मुंग्या आहेत. ताईला सांगू नकोस. सकाळपासून चारदा विचारून गेली ती, डोळे बघ तिचे कसे झालेत. मी बरं आहे म्हणून सांगितलंय."

पायाचा जीव जात होता आणि हा बहिणीचं मन सांभाळत होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी मोठ्याने हाक मारली, "ताई!"

त्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून जवळजवळ पळतच आल्या. दोन बोटं फुलीवर ठेवली, डोळे मिटले.

"लागतायत," त्या म्हणाल्या.

"पाय गार आहे, ताई."

"वर पंखा आहे."

"उजवाही त्याच पंख्याखाली आहे."

त्यांनी बोटं जरा सरकवली, पुन्हा दाबली. "लागतायत गं. चांगले लागतायत. फुलीवरच लागतायत."

मला पावलांमधलं काही कळत नाही. पण कपड्याच्या कामात माझी नजर बारीक झाली आहे. मला ताईंची बोटं दिसली. त्या इतकं दाबत होत्या की नखं पांढरी पडली होती. त्यांना ठोके लागायला हवे होते. म्हणून ते लागत होते.

इतक्या वर्षांत मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही ते उत्तर नव्हतंच. मी म्हटलं, "ताई, हे ठोके कुणाचे?"

त्यांनी डोळे उघडले. आधी राग आला, तो मला स्पष्ट दिसला. मग त्यांचा डावा हात सावकाश वर गेला आणि मानेवर टेकला. उजवी बोटं पावलावर, डावी मानेवर. मी मनात मोजत होते. बारापर्यंत मोजलं.

"माझे," त्या म्हणाल्या.

पुढे त्यांनी हातपाय गाळले नाहीत. पायावरची चादर त्यांनीच एका झटक्यात बाजूला केली, चष्मेवाल्या सिस्टरला हाक मारली आणि ठोक्यांचा आवाज ऐकवणारं लहानसं यंत्र आणायला सांगितलं. ते फुलीवर टेकवलं. नुसती खरखर ऐकू आली, रेडिओवर स्टेशन लागत नाही तशी. दहा मिनिटांत सर्जन आले. जोडलेल्या शिरेत रक्ताची गाठ अडकली होती. पाऊण तासात नवरा पुन्हा ऑपरेशनला आत गेला. जाताना तो ताईंना म्हणाला, "तू घाबरू नकोस." ताई म्हणाल्या, "तू आता गप्प बस. तुझ्या गप्पांनीच घात केलाय." मग दार बंद झालं आणि त्या भिंतीला टेकल्या.

मला वाटलं आता या रडतील, मी धरायला पुढे झाले. पण त्या तडक टेबलाकडे गेल्या आणि रजिस्टर उघडलं. दोन आणि तीन वाजताच्या नोंदी त्यांनी खोडल्या नाहीत. खाली वेळ घालून लिहिलं: "दुपारी दोन आणि तीन वाजता नोंदवलेले ठोके पेशंटचे नव्हते. ते माझे होते." सही केली. चष्मेवाल्या सिस्टरने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

सर्जन दोन तासांनी बाहेर आले. गाठ काढली होती, पाय गुलाबी झाला होता. "आणखी दोन-तीन तास गेले असते तर पाय मला वाचवता आला नसता," ते म्हणाले. मग रजिस्टर बघून म्हणाले, "फुलीताई, हे लिहायची काही गरज नव्हती. पाय वाचलाय."

"लिहिलंय," ताई म्हणाल्या.

त्या एका ओळीपायी पुढे चौकशी झाली, तीन महिने इन्चार्जचं काम दुसरीकडे गेलं, आणि चोवीस वर्षांत ज्यांना त्यांनी तो प्रश्न विचारला होता त्यातल्या काहींनी कँटीनमध्ये मनसोक्त हसून घेतलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मला मात्र त्या हसणाऱ्यांची नावं अजून पाठ आहेत.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. चष्मेवाल्या सिस्टर नवऱ्याचे ठोके बघत होत्या, पद्धतशीर, एक हात मानेवर ठेवून. ताई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, दोन्ही हात खिशात. ऑपरेशनच्या आधी पाय स्वच्छ पुसताना फुली गेली होती. सिस्टरने लिहून घेतलं आणि ती पुढच्या पलंगाकडे गेली. आम्ही तिघंच उरलो.

"ताई, तू बघ ना एकदा," नवरा म्हणाला.

"मी नाही बघणार. तिने बघितलेत."

"मला तुझ्या हाताने बघायचेत."

त्या हलल्या नाहीत. एवढी खमकी बाई, कारण नसताना लोकांच्या घोट्यांना अंगठे लावत फिरणारी, आणि भावाच्या पायाला हात लावायची तिची छाती होत नव्हती. मला माझा सगळा जुना राग कुठे ठेवू असं झालं. मी त्यांचा उजवा हात खिशातून ओढून काढला आणि त्याच्या पावलावर ठेवला. डावा हात माझ्याकडे घेतला, मनगट धरलं आणि माझ्या कडक बोटांनी नाडी शोधली. जरा वेळ लागला, पण सापडली. धडधडत होती नुसती.

"ताई, तुम्हाला तिकडे ठोका लागेल तसं बोला."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता." थोड्या वेळाने, "आता." मग पुन्हा, "आता."

एवढी वर्षं तो प्रश्न त्यांनी उत्तर माहीत असताना विचारला होता. त्या दिवशी त्यांना उत्तर माहीत नव्हतं.

"सांग," त्या म्हणाल्या. "कुणाचे?"

त्यांच्या दोन 'आता'च्या मध्ये माझ्या बोटांखाली कधी एक, कधी दोन ठोके पडत होते. ताईंचे पळत होते. त्याचे सावकाश चालले होते.

"त्याचे," मी म्हटलं. "त्याचेच आहेत, ताई."

तेव्हा त्या रडल्या. भर वॉर्डात, युनिफॉर्मवर, नाक ओढत रडल्या. नवरा छताकडे बघत पडून राहिला, कारण त्यालाही आवरत नव्हतं. खिडकीकडच्या रांगेतले दोन पेशंट उठून बसले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत आडवे झाले.

डोळे पुसून ताईंनी खिशातलं पेन काढलं. पावलावरची उजवी बोटं त्यांनी उचलली नव्हती. ती नखभर मागे सरकवून त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"फुली तू मार," त्या म्हणाल्या.

मी मारली. वाकडी आली. ताईंनी ती तशीच ठेवली.